थेटरात कुठला, घरी कुठला? पावसाळ्यापुरता सल्ला हवा

कुळागर (फोंडा):
मृग लागला की फोंड्याहून रात्रीच्या शोसाठी पणजीला जायचं म्हणजे जाऊन-येऊन साठ किलोमीटर, वर बाणस्तारीपासून पुढे वायपर फुल स्पीडवर. म्हणून चार महिन्यांत मोजके तीन-चारच चित्रपट थेटरात आणि बाकी घरी, असं ठरवतोय. कुठले कुठे बघावेत?

हल्ली घरी बघितलेले: 'लापता लेडीज' झकास. 'कोर्ट' अर्ध्यावर सोडला, काही घडतच नाही. 'तुंबाड'मध्ये निम्मा वेळ काळ्या पडद्यावर कुणीतरी कंदील घेऊन फिरतंय एवढंच कळलं. 'द डिसायपल' बरा, पण गाणं पोचलं नाही.

टीव्ही ५५ इंची, ४के, साधा एलईडी. दोन आवाजवाहिन्यांचा (डावी-उजवी) साउंडबार आणि सबवूफर (खालच्या आवाजाचा वेगळा स्पीकर). कटकटी तीन: चेहरे डेलीसोपसारखे गुळगुळीत दिसतात, संवाद ऐकायला आवाज वाढवला की पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं, आणि अंधारातली दृश्यं म्हणजे नुसता चिखल. मागच्या पडवीवर पत्रे आहेत, तेव्हा पावसाचा आवाज फुकट.

---

मांडवीकाठ:
कुळागरबाब, तुमची यादीच उलटी आहे. लोक समजतात स्फोट, मारामारी, भव्य सेट असला की थेटर, आणि 'संथ' सिनेमा घरी पाय पसरून. माझं मत नेमकं विरुद्ध. गोंगाटाचा सिनेमा घरी अर्धामुर्धा तरी पोचतो, कारण तो तुमचं लक्ष ओढून घेतो. शांत सिनेमा लक्ष ओढत नाही, ते तुम्हीच द्यायचं असतं. समोर फोन, मागे कुकरची शिटी असताना ते देता येत नाही.

'कोर्ट'चंच घ्या. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाण मांडून असतो आणि अख्खी कोर्टाची खोली चौकटीत असते. क्लोजअप देऊन 'इकडे बघा' असं कुणी सांगत नाही. पुढे वकील बोलतोय, न्यायाधीश टायपिस्टला मजकूर सांगतायत, मागच्या बाकांवर आपल्या नंबराची वाट बघणारी माणसं. हे सगळं एकाच वेळी. मोठ्या पडद्यावर डोळा आपोआप फिरतो. ५५ इंचांवर आठ-नऊ फुटांवरून बघितलं तर मागची माणसं अंगठ्याएवढी, म्हणून 'काही घडत नाही' वाटतं. दृश्य संपल्यावरही शॉट थोडा रेंगाळतो, तो रेंगाळणंच मुद्द्याचं आहे. २०१५ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता. पुरस्कार मिळाला म्हणून आवडलाच पाहिजे असं काही नाही, पण अर्ध्यावर सोडण्याचं खापर टीव्हीवर फोडायला हरकत नाही.

'सैराट'ही थेटराचाच, आणि त्याचं कारण 'झिंगाट' नव्हे. शेवटच्या काही मिनिटांत आवाज जवळजवळ काढून घेतलाय. भरलेल्या थेटरात ती शांतता अंगावर येते. घरी तिथे फ्रीजची घरघर भरते.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' (२०२४, कानला ग्रां प्री) त्याच जातीचा. मुंबईचा पाऊस, रात्रीचा निळा उजेड, आणि मग उत्तरार्धात रत्नागिरीकडचा समुद्रकिनारा. दोन भागांतल्या उजेडाचा फरक हाच अर्धा सिनेमा.

घरी खुशाल बघा: संवादावर आणि चेहऱ्यांवर चालणारे विनोदी चित्रपट ('लापता लेडीज' त्यातलाच), कोर्टातल्या चकमकींचे नाटकी चित्रपट, माहितीपट, आणि ज्यात गोष्ट कळली की काम झालं असे थरारपट.

---

रोंबाट:
मांडवीकाठाशी सहमत, पण फोंडेकराला पावसात बाहेर काढण्याआधी टीव्ही तर सरळ करू. तिन्ही कटकटींपैकी दोन सेटिंगमधल्या आहेत.

चेहरे गुळगुळीत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने रचून घालतो, म्हणून हालचाल व्हिडिओसारखी घसरते. एलजीवर याचं नाव ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. ते बंद करा. पिक्चर मोडमध्ये 'फिल्ममेकर' असेल तर तो, नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही'. 'व्हिव्हिड' आणि 'डायनॅमिक' हे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली चमकण्यासाठी असतात, घरासाठी नव्हेत. 'नॉइज रिडक्शन'ही बंद; चेहऱ्यावरचा मेणचटपणा निम्मा त्याच्यामुळे.

रंग 'वॉर्म'वर (वॉर्म २ किंवा वॉर्म ५०). पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो आणि जुनी सेटिंग निळी वाटायला लागते. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, नाहीतर कडांना पांढरी किनार दिसते. सोनीवर मात्र मधला ५० हाच तटस्थ आकडा, तिथे शून्य केलं तर चित्र धुरकट होईल.

एक गोष्ट हमखास राहते: ही सेटिंग प्रत्येक इनपुटला आणि प्रत्येक प्रकारच्या सिग्नलला वेगळी साठवली जाते. साध्या चित्राला केलेली सेटिंग एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणारं चित्र) सुरू झालं की लागू होत नाही. एचडीआर चित्रपट चालू असताना मेनूत जाऊन पुन्हा तेच सगळं करायचं. 'केलं होतं पण परत तसंच झालं' ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच.

अंधाराचा चिखल. याला तीन कारणं, त्याच क्रमाने तपासा.

पहिलं, इको मोड किंवा उजेडाचा सेन्सर. खोलीत अंधार केला की टीव्ही स्वतःच मंद होतो. बंद करा.

दुसरं, स्वस्त पॅनेलवरचं एचडीआर. एचडीआर चित्रपट सहसा १००० निट (पडद्याच्या उजेडाचं माप) धरून तयार करतात, साधा एलईडी त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास थांबतो. मग वरचा उजेड सामावून घेताना खालचा सगळा दबतो. 'डायनॅमिक टोन मॅपिंग' किंवा तशा नावाचं काही असेल तर चालू करून बघा. तरी जमेना तर एचडीआर बंद करून साध्या रूपात बघा. 'तुंबाड'सारख्या चित्रपटाला साध्या टीव्हीवर साधं रूपच पुष्कळदा बरं दिसतं.

तिसरं कारण तुमच्या हातात नाही: ४के डिस्कवर सेकंदाला ५० मेगाबिट आणि त्याहून जास्त माहिती असते, स्ट्रीमिंगवर त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा. काटछाट सगळ्यात आधी अंधारात होते, म्हणून भिंतीवरच्या सावलीत चौकोनी ठिपके दिसतात. कंदिलाच्या उजेडात आणि सततच्या पावसात घडणारा सिनेमा म्हणजे या काटछाटीचं पहिलं गिऱ्हाईक: पावसाची प्रत्येक धार हलते आणि मागे सगळं काळं. २०१८ चा हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थेटरांत आला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, यात नवल काही नाही.

खोलीत मिट्ट काळोख मात्र नको. टीव्हीच्या *मागे* एक मंद दिवा ठेवा, भिंतीवर उजेड पडेल असा. काळा रंग जास्त काळा वाटतो आणि डोळे शिणत नाहीत.

शेवटचं, अंतर. ५५ इंची टीव्हीसमोर साडेपाच ते साडेसात फुटांवर बसा. आपल्याकडे सोफा भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला, मध्ये बारा फूट साल (बैठकीची खोली). त्या अंतरावर ४के आणि साधं एचडी यांत फरक कळायचा नाही. त्यातून रुंद चौकटीचा चित्रपट (२.३९ : १) असेल तर वरखाली काळ्या पट्ट्या येऊन ६८ सेंटिमीटर उंचीपैकी ५१ च उरते. त्या पट्ट्या घालवायला 'झूम' दाबू नका, बाजूचा चौथा हिस्सा कापला जातो. आता 'ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'सारखा चित्रपट मुद्दामच तीन मापांच्या चौकटी वापरतो, तिथे झूम म्हणजे केलेल्या कामावर पाणी.

---

दर्यावर्दी:
आवाजाचं मी सांगतो.

चित्रपटात संवाद जवळजवळ सगळे मधल्या वाहिनीत असतात. तुमच्या साउंडबारला मधली वाहिनीच नाही. ॲप ५.१ (पाच वाहिन्या आणि एक सबवूफरची) पाठवतं, टीव्ही किंवा बार ते दोनांत कोंबतो, आणि संवाद डाव्या-उजव्या संगीताच्या गर्दीत जातो. वर सबवूफर.

आधी फुकटचे उपाय:

१. ॲपमध्ये चित्रपट चालू असताना आवाजाची यादी उघडा. 'हिंदी ५.१' आणि नुसतं 'हिंदी' असे दोन पर्याय असले तर नुसतं 'हिंदी' घ्या. तो स्टीरिओ मिश्रणकाराने कानाने तपासलेला असण्याची शक्यता जास्त; टीव्हीने घाईत केलेल्या कोंबाकोंबीपेक्षा बरा.

२. बारवरचं 'सराउंड', 'मूव्ही', '३डी' असलं काहीही बंद. ते आवाज पसरवण्यासाठी कालभेद घालतं आणि संवाद पोकळ होतो. 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग' मोड चालू.

३. 'नाइट मोड'. याने मोठा आवाज दाबला जातो, बारीक वर येतो. चित्रपटाची चढउतार मरते हे खरं, पण पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ती चढउतार तशीही ऐकू येणार नसते.

४. सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून दीड-दोन फूट. कोपऱ्यात खालचा आवाज फुगतो आणि पुरुषी आवाज गढूळ होतात. मग त्याची पातळी दोन-तीन पायऱ्या खाली.

मग खोली. लादीची जमीन, उघड्या भिंती, समोर काचेची खिडकी: इथे कितीही महागडा बार आणला तरी शब्द घुमणारच. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये एक जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. दोन-तीन हजारांत होणारं हे काम पंधरा हजारांच्या नव्या बारपेक्षा जास्त फरक पाडतं. कौलारू, उंच छपराचं घर असेल तर तुम्ही नशीबवान, उतरत्या छपराखाली आवाज कमी घुमतो.

नवा बार घ्यायचाच तर निदान ३.१ घ्या. पहिला आकडा तीन म्हणजे मधली वाहिनी आहे. पाच हजार वॅट असं खोक्यावर लिहिलेलं काही बघू नका.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर: आवाज *आधी* येत असेल तर 'एव्ही सिंक'मध्ये विलंब वाढवा. *नंतर* येत असेल तर विलंब वाढवून काही होणार नाही. बार ब्लूटूथवर असेल तर ते काढून एचडीएमआय एआरसीची (टीव्हीतून बारला आवाज देणाऱ्या खाचेची) वायर लावा. ब्लूटूथ सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त मागे राहतं.

'द डिसायपल'बद्दल: गाणं पोचलं नाही कारण तानपुरा छोट्या स्पीकरवर डासासारखा गुणगुणतो. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत मोटारसायकल संथगतीने चाललीय आणि वर माईंचा (त्यातल्या थोर गायिकेचा) आवाज, खाली तानपुरा, हे सगळं हेडफोनवर ऐका. कान झाकणारा, वायरवाला, साधा दोन-तीन हजारांचा पुरे. हा एक चित्रपट मी घरच्या रांगेत टाकेन, मांडवीकाठ काहीही म्हणो. हेडफोन असला की शांत सिनेमाला घरही चालतं.

---

आंबाडे:
तुम्ही सगळे थेटराला देव्हाऱ्यात बसवताय. तिथे काय बिघडतं तेही सांगा की.

पडद्यावर उजेड १४ फूट-लँबर्ट, म्हणजे सुमारे ४८ निट असायला हवा. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा जुना झाला की उजेड घसरत जातो, आणि दिवा बदलायला महाग पडतो म्हणून ताणला जातो. ३डी साठीचं भिंग किंवा फिल्टर प्रोजेक्टरवर तसंच ठेवून २डी चित्रपट लावला तर उजेड निम्म्यावर येतो. तपासायचं कसं? पांढरा शर्ट किंवा ढगाळ आकाश राखाडी-तपकिरी दिसत असेल तर गडबड आहे. काळोख्या चित्रपटाला जायचं तर लेसर प्रोजेक्टरचा पडदा निवडा, तिकिटाच्या ॲपवर बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

आवाज: मिश्रण करताना फेडर (थेटरातल्या आवाजाच्या पातळीचं बटण) ७ वर धरलेला असतो. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, लोक तक्रार करतात, फेडर ५ वर येतो आणि मूळ चित्रपटालाही तिथेच राहतो. दोन आकडे म्हणजे सहा ते सात डेसिबल कमी, संवाद गेलेच. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन सांगा, 'आवाज वाढवा' नव्हे तर 'फेडर किती आहे बघा' असं. या शब्दाने काम लवकर होतं. मध्यंतरानंतर सांगून उपयोग नाही.

मध्यंतराचं निराळंच. परदेशी चित्रपटात मध्यंतर नसतं, आपल्याकडे ते वाक्याच्या मधोमध येतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आणि नोलनच्या 'टेनेट'सारख्या चित्रपटात संवाद दबलेले वाटले तर थेटरवाल्यावर ओरडू नका. तो चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज ठेवणं पसंत करतो आणि संगीताखाली संवाद जाऊ देतो. तिथे सबटायटल हाच इलाज. म्हणजे घर!

---

मांडवीकाठ:
आंबाडे, सगळं कबूल. म्हणून तर खुर्ची निवडायची असते. पडद्यापासून मागे जाताना साधारण दोन-तृतीयांशावर, मधोमध. ध्वनीचं माप तिथलं धरून लावतात. अगदी मागची रांग घेऊ नका, भिंतीजवळ खालचा आवाज फुगतो. महागड्या रिक्लायनर रांगा बहुतेक तिथेच असतात, ही गंमतच. मधली रांग मिळत नसेल तर कडेपेक्षा दोन रांगा पुढे चालेल, पण मधोमध.

कोकणी चित्रपट रवींद्र भवनासारख्या प्रेक्षागृहात लागला तर हिशोब बदलतो. ती सभागृहं तियात्र-नाटकासाठी बांधलेली. स्पीकर रंगमंचाच्या दोन बाजूंना, पडद्यामागे मधला स्पीकर नाही. तिथे पुढच्या निम्म्या भागात बसा, नाहीतर घुमणारं ऐकत बसावं लागेल. पण जा मात्र जरूर. पहिला कोकणी चित्रपट 'मोगाचो आंवडो' १९५० मध्ये लागला तेव्हापासून आजवर आपल्या भाषेतले चित्रपट इतके थोडे झालेत की 'ओटीटीवर येईल तेव्हा बघू' म्हटलं तर तो येतच नाही बऱ्याचदा.

तोच नियम नोव्हेंबरात इफ्फीला (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला). २००४ पासून महोत्सव पणजीत मुक्कामाला आहे, आणि लोक तिथेही पंधरा दिवसांनी फोनवर दिसणारे चित्रपट बघायला रांग लावतात. ज्याचा वितरक दिसत नाही, असेच निवडा.

---

सुकीसोलां:
पावसाळ्याचं यंत्रशास्त्र कुणीच सांगितलं नाही म्हणून.

टीव्हीला स्टॅबिलायझर लागत नाही, आतला पुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो. मारतो तो अचानक आलेला झटका. मेअखेर ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात गडगडायला लागलं की प्लग *भिंतीतून* काढा, बटण बंद करून भागत नाही. डिशची वायरही काढा, वीज तिथूनही येते. फायबरची काच वीज नेत नाही, पण तिच्या डब्याचा ॲडॉप्टर आणि तिथून टीव्हीला आलेली लॅन केबल नेते. स्पाइक गार्डला अर्थिंग चांगलं नसेल तर तो नुसता तीन पिनांचा दागिना.

कुणी प्रोजेक्टरच्या विचारात असेल तर: आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते, ६५-७० च्या वर भिंगाला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि पुसून जात नाही, कारण ती आतल्या काचेवर असते. वापर नसेल तेव्हा झाकणबंद प्लास्टिक पेटीत पाव किलो सिलिका जेलसह ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, पुन्हा वापरा. आठवड्यातून एकदा तासभर चालवला तरी आतली ओल जाते. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर छोटा यूपीएस हवाच. लाइट गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तडकतो.

किनाऱ्यालगत खारी हवा एचडीएमआयची टोकं काळी करते. चित्र मधूनच जातंय तर वायर बदलण्याआधी टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा.

---

कुळागर:
देव बरें करूं सगळ्यांना. मोशन आणि इको दोन्ही बंद केले, फरक लगेच दिसतोय. एचडीआरचा मेनू वेगळा असतो हे माहीत नव्हतं. सोफा सात फुटांवर ओढलाय, घरच्यांना वाटेत येतो, ते बघू. 'कोर्ट' थेटरात आता कुठे मिळणार, तेव्हा घरीच पुन्हा लावावा म्हणतो. त्याला सबटायटल ठेवू की काढू?

---

दर्यावर्दी:
काढा. चौकट रुंद आणि स्थिर आहे, डोळा तळाला अडकला की मागच्या बाकांवरचे लोक पुन्हा हुकतील. पत्र्यावर जोर वाढला तर हेडफोन.

रोंबाट:
आणि सबटायटल हवेच असतील तर अक्षर 'लहान' आणि रंग पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी करा. ॲपच्या खात्यात 'सबटायटल अपिअरन्स' असतं. टीव्हीवर ते सापडलं नाही तर ब्राउझरमधून लॉगिन करून बदला, टीव्हीवर आपोआप येतं.